वीणेचा पहारा आणि कवटीचं पोस्टर

मुळशीला जाऊन आले म्हटल्यावर बार्शीतल्या मैत्रिणींनी पहिला प्रश्न विचारला, धरण पाहिलंस का. नाही पाहिलं. मग ताम्हिणीचा घाट? तोही नाही. मग चार दिवस केलंस तरी काय, असं त्यांनी विचारल्यावर मी खरं तेच सांगितलं. थोडा वेळ कोंबड्यांच्या शेडमध्ये काढला, एक दुपार गळ्यात वीणा अडकवून देवळात उभी राहिले आणि रविवारी मेंढ्यांच्या लेंड्यांत उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नसेल, तर तिनं सगळं लिहून काढणंच बरं.

आधी थोडं घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझी मुलगी केतकी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, मारुंजीत भाड्यानं राहते आणि ‘बुडीत’ नावाच्या बँडमध्ये गाते. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनीला तिकडे बुडीत म्हणतात, त्यावरून ते नाव. बँड हेवी मेटलचा. ज्यांनी हे संगीत ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: गिटारी गुरगुरतात, ढोल दोन्ही पायांनी बडवला जातो आणि गाणारी व्यक्ती बेंबीच्या देठापासून डरकाळ्या फोडते. चार वर्षांपूर्वी केतकीनं एक गाणं मला फोनवर पाठवलं होतं. मी ते स्वयंपाकघरात लावलं तेव्हा शेजारच्या वहिनी मिक्सर बिघडला का म्हणून विचारायला आल्या. मी बंद केलं आणि तिला उत्तर पाठवलं, ‘ऐकलं.’ त्यावर आमच्यात पुन्हा काही बोलणं झालं नाही.

त्याच्याही मागचं एक आहे. ती नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनाचं समूहगीत माझ्याकडे होतं. तिचा आवाज जाड, घोगरा, सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की, तुझा आवाज गाण्याचा नाही, तू पडदा ओढ. तिनं पडदा ओढला. त्यानंतर ती माझ्यासमोर कधी गायली नाही, गुणगुणलीसुद्धा नाही. मला ते कळायला बरीच वर्षं लागली आणि कळल्यावरही मी काही केलं नाही.

तर फेब्रुवारीत एक दिवस तिचा फोन आला. भरे गावातल्या तात्यांची जुनी कोंबड्यांची शेड बँडनं तालमीसाठी घेतली होती आणि त्याच तात्यांच्या भातखाचरात रविवारी दुपारी कार्यक्रम ठरला होता. त्याचं पोस्टर गावात कुणीतरी पाहिलं. पोस्टरवर फेटा बांधलेली कवटी. गावात सप्ताह चालू, शनिवारी काला, आणि दुसऱ्याच दिवशी ही कवटी येऊन देवाला शिव्या घालणार, असं तात्यांच्या कानावर गेलं. तात्या भजनी मंडळाचे प्रमुख. ते चिडले नाहीत, पण म्हणाले, तुमचं ऐकून मला घंटा काही कळत न्हाई, मला शब्द पाहिजेत. कुणी जाणत्या माणसानं वाचून, समजावून सांगितलं तरच कार्यक्रम होईल. न्हाई पटलं तर खाचरही नाही आणि शेडही नाही.

केतकीनं त्यांना सांगितलं, माझी आई मराठीची शिक्षिका आहे. ते लगेच म्हणाले, मास्तरीणबाई खोटं बोलायच्या न्हाईत, बोलवा त्यांना.

‘येशील?’ केतकीनं विचारलं. तिनं माझ्याकडे काही मागितल्याला इतकी वर्षं झाली होती की मी आधी हो म्हटलं आणि कशाला ते नंतर विचारलं.

गुरुवार, मारुंजी

मारुंजी हे गाव आहे की शहर, हे मला चार दिवसांत ठरवता आलं नाही. एका बाजूला अठरा मजल्यांची सोसायटी, तिच्या फाटकाला लागून कडब्याची गंजी, गंजीवर ‘रूम भाड्याने मिळेल’ अशी पाटी. रस्त्यावर पाण्याचे टँकर, टेम्पो आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं. भाजीवाली माझ्याशी हिंदीत बोलली, मी मराठीत उत्तर दिलं, तेव्हा ती इतकी खूश झाली की कोथिंबीर फुकट दिली. बार्शीत मराठी ऐकून खूश व्हायची वेळ कोथिंबीरवालीवर कधी येत नाही.

केतकीनं माझ्यापुढे वही ठेवली आणि स्वतः चहा करायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी सवयीनं लाल पेन काढलं. पहिलं गाणं देवावर होतं.

देव कोंडला गाभारी । किल्ली कुणाच्या कंबरी
मागे देव भाकरीला । कुणी ऐकेना हाकेला
दगडाला अभिषेक । दारी उपाशी ती लेक

दुसरं राजकारणावर.

डोंगर विकला कुणी । पुढाऱ्याने, पुढाऱ्याने
नदी नासवली कुणी । पुढाऱ्याने, पुढाऱ्याने
देव बाटवला कुणी । पुढाऱ्याने, पुढाऱ्याने

मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोटांवर अक्षरं मोजली. आठ आणि आठ. सरळसरळ छोटा अभंग. पेनाचं टोपण मी परत लावून टाकलं.

केतकी चहा घेऊन आली तेव्हा मी विचारलं, हे मुद्दाम की आपोआप? ती म्हणाली, ‘तूच शिकवलंयस. जेवताना घास नंतर, आधी अक्षरं मोज, असं म्हणायचीस. मला दुसरं काही लिहिताच येत नाही.’

मग रात्रीच्या जेवणापर्यंत तिनं मला तिच्या जगाची ओळख करून दिली. मेटलवाले म्हणे जगभर सुरुवातीपासून दोनच गोष्टींवर भांडत आलेत, देव आणि सत्ता. कुणी चर्चशी भांडतं, कुणी युद्धावर पाठवणाऱ्या राजांशी, कुणी आपल्या देशातल्या हुकूमशहाशी, आणि त्यापायी काही जण तुरुंगातही गेलेत. उलट काही जण ह्याच डरकाळीत ख्रिस्ताची स्तुती करतात, काही जण आपल्या वाडवडिलांच्या विसरलेल्या देवांना हाका मारतात. सैतानाचं नाव घेणारे बरेच जण, ती म्हणाली, लहानपणी रविवारी न चुकता प्रार्थनेला जाणारे असतात. मला ह्यात नवल वाटलं नाही. ज्याच्याशी आपलं काही नातं नाही त्याच्याशी कोणी इतकं कडाकडा भांडत नाही.

पण मला काळजी वाटायला लागली ती वेगळीच. शब्द चांगले होते, हे मी सांगू शकत होते. पण ते तात्यांना चांगले वाटतील, हे मी कसं सांगणार?

शुक्रवार, भरे

सकाळी तिच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. नेरे गावापर्यंत इमारती आपल्या मागे लागलेल्या असतात, त्यानंतर एकेक करून दमतात आणि डोंगर पुढे येतात. आमच्याकडे फेब्रुवारीत ज्वारी कंबरेच्या वर उभी असते आणि डोंगर औषधालाही नसतो. इकडे भात कापून गेलेलं, खाचरात धसकटं, मधेच हरभऱ्याचा आणि पावट्याचा हिरवा तुकडा, आणि जिकडे बघावं तिकडे डोंगराची पाठ. काही डोंगरांच्या पोटाला जेसीबीनं घेतलेला लाल चावा दिसत होता. केतकी बोट दाखवून ओरडली, ‘हा दुसऱ्या गाण्यातला डोंगर.’

शेड गावाबाहेर. आत कोंबड्यांचा वास अजून आहे, पण भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ट्रे त्याच शेडचे, त्यामुळे खर्च शून्य. तिथं डॅनियल भेटला, त्यांचा ढोल वाजवणारा. शिलाँगचा, दंडावर सापाचं गोंदण, आणि बोलणं इतकं मऊ की कान पुढे करावा लागतो. तो लहानपणी चर्चच्या गायकवृंदात होता. तात्या कधी कधी संध्याकाळी येऊन त्याच्यासमोर बसतात, मांडीवर बोटांनी ठेका धरतात आणि दोघं हिंदी-मराठीच्या खिचडीत पखवाजाबद्दल बोलतात, असं त्यानं सांगितलं. ‘आंटी, तात्या को मेरा डबल पैडल बहुत पसंद है,’ तो म्हणाला, म्हणजे दोन्ही पायांनी ढोल बडवायचं ते साधन. हे ऐकून मला थोडा धीर आला.

दुपारी तात्यांच्या सूनबाईंनी, सुनंदानं, जेवायला घातलं. ती हिंजवडीतल्या मुलांना डबे पुरवते. तिच्या हातची तांदळाची भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ती फारच गोरी आणि नाजूक, पण पावट्याच्या आमटीत बुडवली की तक्रारीला जागा राहत नाही. वर इंद्रायणीचा भात, चिकट आणि वासाचा. मी बार्शीहून नेलेली शेंगाचटणी काढल्यावर सुनंदानं एक चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, ‘बाई, तुमच्या चटणीपुढं ह्या पोरांचं गाणं लई थंड हाय.’

तात्या देवळात होते. दोन ते चार त्यांचा वीणेचा पहारा. सप्ताहाचे सातही दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, ती गळ्यात घेऊन कोणीतरी उभं राहायचं आणि नाम चालू ठेवायचं, दोन तासांनी दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. हे सगळं मला पाठ आहे, मी ह्यावर मुलांकडून निबंध लिहून घेतलेत. केतकी बाहेर थांबली, मी वही घेऊन आत गेले.

दुपारचं देऊळ. पाच-सहा म्हातारे खांबाला टेकून टाळ वाजवत होते, त्यातले दोन अर्धवट झोपेत. मधोमध तात्या, वाळलेले, उंच, पांढरी टोपी, गळ्यात वीणा. त्यांनी मला खुणेनं थांबायला सांगितलं. मी पंधरा मिनिटं थांबले. मग माझ्या लक्षात आलं की तात्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होतायत. पुढचा विणेकरी यायला अजून तास होता. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘बाई, मला साखर हाय. जरा धरता का? आलोच.’

समोरचा माणूस अडचणीत आहे म्हटल्यावर हात आपोआप पुढे जातात. वीणा माझ्या गळ्यात आली. वीणा देताघेताना पाया पडायची रीत, म्हणून तात्यांनी घाईघाईनं माझ्या पायाला हात लावला, मी त्यांच्या, आणि ते तुरुतुरु मागच्या दारानं गेले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की वीणा नुसती धरायची नसते. ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं गायचं असतं. निबंधाला पैकीच्या पैकी मार्क देणाऱ्या बाईला हे वीणा गळ्यात पडल्यावर आठवलं.

दोघे झोपलेले म्हातारेही जागे झाले. एक जण कुरकुरला, बाईमाणसाच्या गळ्यात वीणा? दुसरा म्हणाला, खाली ठिवण्यापरीस बरं. मी डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल सुरू केलं. त्यांनी टाळ धरला. पाच मिनिटं झाली, सात झाली, तात्यांचा पत्ता नाही. पहिला म्हातारा म्हणाला, ‘बाई, अभंग घ्या. नुस्त्या नामावर झोप येतीया.’

आता माझ्यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका. छत्तीस वर्षं अभंग शिकवले, आणि त्या क्षणी एक आठवेना. सगळे कुठंतरी बुडीतात गेले. डोक्यात एकच वही उघडी होती, कालपासून दहा वेळा वाचलेली. आठ आणि आठ. चाल कुठलीही बसली असती. मी आपली साध्या भजनाची चाल धरली आणि डोळे घट्ट मिटून म्हटलं, ‘डोंगर विकला कुणी.’

दुसरा अर्धा मी एकदाच म्हटला. पुढच्या वेळी म्हाताऱ्यांनीच तो उचलला. पुढाऱ्याने, पुढाऱ्याने. नदीला आल्यावर टाळांचा वेग वाढला. देव बाटवला म्हटल्यावर कुरकुरणारे आजोबा उठून उभे राहिले आणि उडी मारून टाळ वाजवायला लागले. मी डोळे उघडले तेव्हा मागच्या दारात तात्या उभे होते, हातातून पाणी ठिबकतंय, तोंडावर कसलाच भाव नाही. दुसऱ्या बाजूला केतकी खांबाआड, दोन्ही हात तोंडावर.

मी वीणा देण्यासाठी पुढे झाले. तात्यांनी घेतली नाही. ‘दुसरं म्हना,’ ते म्हणाले. मग मी देवाच्या समोर उभी राहून, ‘देव कोंडला गाभारी’ हे देवाच्याच गाभाऱ्याकडे बघत म्हटलं. किल्लीच्या ओळीवर एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याकडे बघून डोळा मारला; दुसऱ्याच्या कमरेला खरोखरच देवळाच्या किल्ल्या होत्या. तो मात्र टाळ चुकला नाही.

संपल्यावर तात्यांनी माझ्या पाया पडून वीणा परत घेतली आणि एवढंच म्हणाले, ‘उद्या काला झाला की बोलू.’

परत जाताना केतकीनं अर्धा रस्ता गाडी भरधाव पळवली. मग स्कूटर कडेला थांबवून ती हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. ‘आई, आमच्या बँडचा इथला पहिला कार्यक्रम तू केलास,’ ती म्हणाली. मला हसायलाही येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण होकार अजून मिळाला नव्हता.

शनिवार, भरे

काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, दही-लाह्यांचा प्रसाद मिळाला आणि पंगतीत आम्ही गावाबरोबर जेवलो. डॅनियलला वाढणाऱ्या बाया त्याच्या दंडावरच्या सापाला बोट लावून बघत होत्या आणि प्रत्येकीनं त्याला एक बुंदीचा लाडू जास्त वाढला.

जेवणं झाल्यावर तात्या मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. आम्ही समोर सतरंजीवर. सुनंदा पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. तात्या म्हणाले की देवाच्या गाण्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. आमच्या मंडळात लोक रोज देवाला बोल लावतात, कुणी त्याला चोर म्हणतं, कुणी दिवाळखोर. देवाला त्याची सवय आहे. उलट कडवं छान आहे, ते पाठ करणार आहेत. केतकीनं माझा हात धरला.

‘पर दुसरं चालायचं न्हाई,’ तात्या म्हणाले.

केतकीनं माझा हात सोडला. तिनं विचारलं, का? गावात पुढारी नाराज होतील म्हणून?

‘पुढाऱ्याचं मला काय पडलंय? त्यात खोटं हाय, म्हनून न्हाई.’

‘काय खोटं आहे?’ केतकीचा आवाज चढला. तिनं कागदपत्रं वाचली होती, बातम्या जमवल्या होत्या, हे मला माहीत होतं.

तात्यांनी डोंगराकडे हात केला. ‘त्यो डोंगर पुढाऱ्याच्या बापाचा व्हता का? आमचा व्हता. त्यानं गिऱ्हाईक आणलं, पर सह्या आमी केल्या. मी केली, ह्या किल्लीवाल्यानं केली, टाळ कुटत व्हता त्यानं अंगठा दिला. त्या जिवावर बंगलं बांधलं, हिच्या पोराला गाडी घेतली. आन काल समदी उड्या मारमारून म्हनत्यात, पुढाऱ्याने, पुढाऱ्याने. मला मागल्या दारात उभं ऱ्हाऊन लाज वाटली, बाई.’

सुनंदा म्हणाली, ‘खरं हाय ते.’ मांडववाल्यांनी एका बाजूनं पडदे सोडायला सुरुवात केली होती.

‘आमचं नाव घाला त्यात,’ तात्या म्हणाले. ‘मग खुशाल वाजवा.’

जगातल्या कुठल्याही देशात, कुठल्याही गायकाला असं कुणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. नाव काढा म्हणून धमक्या येतात. नाव घाला म्हणून अट पहिल्यांदाच ऐकली. केतकी वही मांडीवर घेऊन बसली. तिच्या डाव्या हाताचा अंगठा बोटांवर सरकत होता, लहानपणी जेवताना सरकायचा तसाच. मी मान फिरवली, मला मदत करायची नव्हती. थोड्या वेळानं तिनं वाचून दाखवलं.

सही केली होती कुणी । आमी केली, आमी केली

तात्यांनी ते स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं, मांडीवर ठेका धरून. मग टोपी नीट केली आणि म्हणाले, ‘आता बसलं. किती वाजता यायचं?’

रविवार, खाचर

कार्यक्रम चारला होता. तीन वाजता मी खाचरात उतरले आणि पहिल्याच पावलाला घसरून बसले. आदल्या आठवड्यात तिथं खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या आणि सगळं खाचर लेंड्यांनी भरलेलं. माझी चांगली इरकल साडी मागून खताची झाली. मेंढ्या ज्यांच्या होत्या ती बाई बांधावरून म्हणाली, चांगलं खत हाय, धुऊ नका, तुळशीला झाडा. मी ती तशीच नेसून राहिले.

हिंजवडीहून शे-दीडशे मुलं-मुली आली, सगळी काळ्या टीशर्टात, केस मोकळे. बांधावर गाव बसलं होतं, पांढऱ्या टोप्या आणि पदर. भजनी मंडळ पहिल्या रांगेत, आणि टाळ बरोबर, कारण सप्ताह संपल्यावर ते घरी न्यायचे होते, असं त्यांचं म्हणणं. सुनंदानं मोठ्या पातेल्यात आमटी आणि भात ठेवला होता. काळी टीशर्टं आणि पांढऱ्या टोप्या पातेल्यापाशी एका रांगेत उभी होती.

गाणं सुरू झालं तेव्हा पहिल्या ठोक्याला माझ्या बरगड्या हलल्या. पोरं माना झटकायला लागली. बांधावरच्या एका आजीनं शेजारणीला विचारलं, हे समदे अंगात आल्यासारखं का करत्यात. शेजारीण म्हणाली, आल्यासारखं काय, आलंच हाय. केतकी स्टेजवर, पाय फाकून उभी, आणि तिच्या तोंडून जे निघत होतं त्यातला शब्द मला एकही कळत नव्हता. वाद्यांखाली सगळं गाडलं जात होतं. मी कौतुकानं बघत होते, पण खरं सांगायचं तर अजून तोच मिक्सर ऐकत होते.

दुसऱ्या गाण्याला डोंगर आला, नदी आली, आणि देव बाटवायच्या आत जनरेटर बंद पडला. सात दिवस सप्ताहाला हाच जनरेटर चालला होता आणि डिझेल बघायचं मांडववाल्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. गिटारी मुक्या झाल्या, माइक मेला. राहिला डॅनियलचा ढोल, त्याला वीज लागत नाही. तो थांबला नाही. केतकीनं माइक खाली टाकला, स्टेजच्या कडेला आली आणि नुसत्या गळ्यानं म्हटलं, ‘देव बाटवला कुणी.’

तो आवाज डोंगरापर्यंत गेला आणि परत आला. जाड, घोगरा, सगळ्यांच्या वर. त्यातलं एकेक अक्षर मला ऐकू आलं. मी जिला पडदा ओढायला लावला होता, तिला आता माइकचीही गरज नव्हती.

पहिल्या रांगेतून टाळ सुरू झाले. भजनी मंडळाला शब्द शुक्रवारपासून पाठ होते. पुढाऱ्याने, पुढाऱ्याने. पोरांनी आधी मागे वळून बघितलं, मग तीही म्हणायला लागली. डॅनियलनं दोन्ही पायांचा ठेका टाळाच्या लयीत आणला. आणि मग केतकीनं नवी ओळ घेतली.

‘सही केली होती कुणी?’

बांधावरच्या माना तात्यांकडे वळल्या. मग तात्या उभे राहिले, एकटेच, आणि टोपीवर हात ठेवून म्हणाले, ‘आमी केली, आमी केली.’ त्यांच्या मागे किल्लीवाले. मग सुनंदा, हातात पळी घेऊन. मग सगळा बांध. केतकी पुन्हा विचारत होती आणि गाव पुन्हा सांगत होतं, दहा वेळा, वीस वेळा, आणि इतकं वाईट कबूल करताना इतकी आनंदानं उड्या मारणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. हिंजवडीच्या पोरांनी म्हाताऱ्यांना मध्ये घेतलं. काहींना बहुधा कळलंही होतं की आपण राहतो त्या इमारती त्या सहीवरच उभ्या आहेत. तीही ‘आमी केली’ म्हणत होती.

मीही ओरडत होते. माझी भरे गावात कुठं जमीन नाही. पण माझी सही दुसऱ्या एका कागदावर होती, आणि ती मी आजवर कबूल केलेली नव्हती.

डिझेल आलं, आणखी पाच गाणी झाली, भात संपला, ऊन डोंगरामागे गेलं. मंडळी पांगल्यावर केतकी माझ्याजवळ येऊन खाचरातच बसली, त्या लेंड्यांत. आवाज पार बसलेला. माझाही. मी डावा हात तिच्यासमोर धरला, अंगठा बोटांवर सरकवत म्हटलं,

‘आवाज दाबला कुणी । आईने गं, आईने गं.’

तिनं स्वतःच्या बोटांवर मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं, डोळे पुसत.

‘आठ भरतात,’ ती म्हणाली. ‘ठेवू या का?’

‘ठेव,’ मी म्हटलं.